मामाजींची जोडणी

सकाळची आंघोळ झाली की लोक तुळशीला पाणी घालतात. आमचे मामाजी अर्थिंगला घालतात.

मामाजी म्हणजे माझे सासरे. नोकरीभर लाईनमन होते, त्यामुळे सगळं जानेफळ त्यांना वायरमन म्हणतं. घराच्या मागच्या भिंतीला लागून त्यांनी स्वतः खड्डा खणला, त्यात कोळसा आणि खडेमीठ भरलं आणि लोखंडी पाइप पुरला. घरात कुठे वीज गळली, तर ती माणसाला न धरता या पाइपातून जमिनीत जाते. खड्डा ओला राहिला पाहिजे, म्हणून पाणी. इथवर कुणालाही पटेल. पण मामाजी ओल्या अंगानं उभे राहतात, दोन्ही हातांत तांब्या धरून बारीक धार सोडतात आणि ती संपेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी हे पाहिलं आणि घरचं काही देवस्थान असेल असं समजून तिथे हळदकुंकू वाहिलं. मामाजींनी ते फडक्यानं पुसून काढलं.

"हयदीनं गंज चढते," एवढंच म्हणाले. खिडकीतून नणंद बघत होती. लाजेनं माझे कान तापले.

खरं तर त्यांच्यापायी लाजायची सुरुवात लग्नाआधीच झाली होती. मला पाहायला ते देऊळगाव राजाला आमच्या घरी आले ते ऐन उन्हाळ्यात. बाकीची मंडळी माझं शिक्षण, रंग, चालणं बघत होती. मामाजी कूलर बघत होते. मग त्यांनी खिशातून टेस्टर काढला. हा पेनासारखा असतो, करंट असला की आत बारीक दिवा लागतो. तो त्यांनी कूलरच्या पत्र्याला लावला. दिवा लागला.

"करंट हाय!" ते अशा आवाजात म्हणाले की माझ्या आईनं पोह्यांचं ताट दारातच खाली ठेवलं.

त्यांनी पिन काढली, उलटी करून घातली, पुन्हा टेस्टर लावून पाहिला आणि मगच चहाला हात लावला. निघताना माझ्या बाबांनी हात जोडून विचारलं, "मग, काय समजायचं आम्ही?"

"पोरगी चांगली हाय," मामाजी म्हणाले. "कूलर बदला."

आमच्या गल्लीत अजून कुणाच्या तरी तोंडी त्या कूलरचं नाव निघतं आणि बाबा घाईघाईनं पावसापाण्याचं बोलायला लागतात.

तो टेस्टर त्यांच्या खिशात आजही असतो. लग्नाला गेले की अक्षता हातात घ्यायच्या आधी मांडवाचे लोखंडी खांब तपासून येतात. बँकेत रांगेत उभे असले तर रांगेच्या दांड्याला लावून बघतात. एकदा पाहुण्यांच्या नव्याकोऱ्या फ्रिजला लावला. घरची बाई कौतुकानं फ्रिज दाखवत होती, आणि हे म्हणाले, "चप्पल घालून उघडत जा." आम्हाला त्या घरचं आमंत्रण नंतर आलं नाही.

दुसरं हत्यार म्हणजे काळी टेप. आमच्या घरात फेकणं नाही. चष्म्याची दांडी, छत्रीची मूठ, झाडू, पोळपाटाचा पाय, माझ्या लेकीची कंपासपेटी, सगळ्यांना काळी टेप. तीही कशीतरी नाही. तिरपी तिरपी गुंडाळत न्यायची आणि शेवटचं टोक आत दाबायचं. झाल्यावर वस्तू दोन्ही हातांनी ओढून दाखवायची. "पोल पडन, पन आपली जोडनी सुटनार नाई." नोकरीत आपलं काही चुकलं, असं त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलेलं नाही. गावाची लाईट गेली तर चूक वाऱ्याची, नाहीतर झाडाच्या फांदीची, नाहीतर वटवाघळाची.

आणि त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं. "जगात वायरी दोनच. एकीतून जाते, एकीतून येते. बाकी समदा दिखावा."

अशा माणसाच्या घरात मी ऑनलाईनचं केंद्र काढलं.

पुढच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि अंगठ्याची मशीन. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, शेतकऱ्यांच्या हप्त्याची केवायसी, असली कामं. माझे यजमान जालन्याला नोकरीला, शनिवारी येतात आणि रविवारी जातात. केंद्र माझं. त्याची आयडी माझ्या नावावर आहे, आणि या घरात माझ्या नावावर असलेली ती एकमेव गोष्ट. घरातले आधी "बाईमाणसाला झेपेल का" म्हणत होते. आता रस्त्यानं जाताना पोरंसोरं "ऑनलाईनवाली ताई" म्हणतात, ते मला फार आवडतं. खोटं कशाला बोलू.

मामाजी दारात खुर्ची टाकून बसायचे. गिऱ्हाईक आलं की मशीनपेक्षा आधी यांना तोंड द्यावं लागे. "चप्पल काढू नोका, घालूनच या." लोक बिचारे दाराशी काढलेली चप्पल पुन्हा घालून आत यायचे. प्रिंटर अडला की दारातून आवाज यायचा, "अर्थिंग पाह्य पयले!" इंटरनेट गेलं, "अर्थिंग पाह्य पयले!" एका म्हाताऱ्याचं नाव आधारवर चुकीचं छापून आलं होतं, तेव्हाही म्हणाले. समोर बसलेली माणसं गालात हसायची आणि मी मान खाली घालून टाईप करत राहायची.

यंदा सोयाबीन निघालं तेव्हाची गोष्ट. पोती पुढच्या खोलीतच रचली होती आणि पोती आली की उंदीर येतातच. त्यातच केवायसीची मुदत संपत आलेली. दिवसभर रांग, उरलेलं काम रात्री. मी दुपारी खुर्चीतच डुलक्या काढायला लागले होते.

अशाच एका दुपारी डुलकी काढून उठले, तोंड धुतलं आणि रांगेतल्या पहिल्या बाईला बोलावलं. ही कमळाबाई, शेजारच्या वाडीवरची. शेतातलं काम टाकून आलेली. अंगठ्याच्या मशीनचा लाल दिवा लागलेला होता. कमळाबाईनं अंगठा ठेवला. स्क्रीनवर आलं, मशीन जोडलेली नाही.

मी मशीन काढली, घातली. तेच. शेजारच्या खाचेत घातली. तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मशीनचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं टाकलं. दिवा आपला लाल, आणि कॉम्प्युटर म्हणतो, मशीनच नाही.

"काऊन वं बाई, काऊन रुसली ते?" कमळाबाई म्हणाली. "माह्या अंगठ्याले तं काई झालं नाई?" तिनं अंगठा जिभेला लावला, पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला. मागची म्हणाली खोबऱ्याचं तेल लाव. तिसरी म्हणाली दृष्ट लागली, मशीनवरून मीठमिरच्या उतरवा. मी मदतीच्या नंबरवर फोन केला. तिकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, "मॅडम, लाइट जल रही है क्या?" म्हटलं, जल रही है. "तो मशीन अच्छी है, मॅडम."

हे ऐकून मामाजींना हुरूपच आला. "दिवा लागते म्हंजे करंट हाय. मशीन चांगली हाय. कंपूटर बिघडला तुहा. अर्थिंग पाह्य पयले!" असं म्हणून ते स्वतःच मागे गेले आणि बादलीमागून बादली ओतून आले. मग कॉम्प्युटरचा डबा उचलून लाकडी पाटावर ठेवला. मग मला रबरी चप्पल घालायला लावली. खोलीभर बाया, मी पायात मामाजींची चप्पल घातलेली, कॉम्प्युटर पाटावर नवरदेवासारखा बसलेला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

दुसऱ्या दिवशीही तेच. गावात बोलणं सुरू झालं. बाईला चालवता येत नाही, बाईनं मशीन खोलली, बाईनं बिघडवली. संध्याकाळी वरच्या ऑफिसातून फोन आला. उद्या बुलडाण्याहून माणूस पाठवतो म्हणाले. "आणि ताई, एक आधीच सांगतो. मशीनला कोणी हात लावलेला निघाला तर आयडी बंद होईल. तो नियमच आहे."

फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, "कुणी हात लावला नाही हो. माझ्या लेकीची शपथ."

मामाजी दारात होते. खुर्ची उचलून आत गेले. मला वाटलं, पहिल्यांदाच अर्थिंगचं नाव काढलं नाही, बरं झालं.

सकाळी बुलडाण्याचा माणूस आला. अक्षय नावाचा, पंचविशीचा पोरगा, पाठीवर बॅग. बाया दारापर्यंत दाटलेल्या. कमळाबाई पुन्हा पहिल्या नंबरावर. त्यानं मशीन आपल्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉपही म्हणाला, नाही. मशीनचं सील पाहिलं, ते शाबूत होतं. मग त्यानं वायर हातात घेतली आणि बोटांनी चाचपत चाचपत मागे गेला, पोत्यांच्या बाजूला. तिथे थांबला.

"ताई, हे काय आहे?"

काळी टेप. तिरपी तिरपी गुंडाळलेली, टोक आत दाबलेलं.

दोन दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर होती. पण आमच्या घरात काळी टेप नाही अशी वायरच नाही, त्यामुळे ती मला दिसूनही दिसली नव्हती. अक्षयनं सोडायचा प्रयत्न केला. सुटेना. ओढली, सुटेना. शेवटी ब्लेडनं कापली. आत चार बारीक वायरी होत्या. लाल लालला जोडलेली, काळी काळीला जोडलेली, पीळ इतका देखणा की फोटो काढून ठेवावा. हिरवी आणि पांढरी मात्र दोन्हीकडून सफाईनं छाटून, टोकं टेपनं बंद केलेली.

"डेटाच्या दोन्ही वायरी कापल्या की," अक्षय म्हणाला आणि हसायला लागला. "नुसता करंट चालू ठेवला. कोण्या येड्यानं केलं हे?"

बायाही हसल्या. कुणी केलं हे सगळ्यांनाच कळलं होतं. गावातल्या निम्म्या छत्र्या मामाजींनीच जोडलेल्या, त्यामुळे ज्यांच्या घरी छत्री आहे त्या प्रत्येकीला ती टेप ओळखू येते. काल मी लेकीची शपथ घेतली होती. आता सासऱ्याचं नाव घ्यायचं, की खोटं पडायचं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्षयचं हसू ओसरलं. त्यानं मोबाईल काढला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण मला फोटो पाठवावा लागेल. ऑपरेटरनं वायर तोडली, असंच लिहावं लागतं."

तेवढ्यात आतला पडदा हलला आणि मामाजी बाहेर आले. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती.

"साहेब," ते म्हणाले.

नातू शोभेल अशा पोराला मामाजी साहेब म्हणाले. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"हे म्या केलं, साहेब. पोरीले मालूम नाई. तिनं शपथ खाल्ली ते खरी हाय. ते झोपली होती. उंदरानं वायर कुरतडलेली दिसली, म्हटलं उठवाव कायले, जोडून टाकतो. मले वाटलं दोनच वायरी कामाच्या असतीन." त्यांनी टेबलावरची वायर उचलली आणि छातीशी धरून भिंतीला टेकून ताठ उभे राहिले. "फोटो काढाचा तं माहा काढा. माही चूक हाय."

चूक हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ज्या बायांच्या घरी त्यांनी पावसात पोलवर चढून लाईट आणली होती, त्या सगळ्या समोर उभ्या होत्या आणि मामाजी त्यांच्यापैकी एकीकडेही बघत नव्हते. मला त्यांच्याकडे बघवेना.

अक्षयनं मोबाईल खिशात ठेवला. "आबा, बसा तुम्ही. सील शाबूत आहे, मशीन चांगली आहे. उंदरानं वायर खाल्ली, असं सांगतो मी वर. झालं."

"नाई," मामाजी म्हणाले. "उंदराचं नाव नोका घेऊ. त्यानं अर्धीच खाल्ली होती. बाकीची म्या तोडली."

कमळाबाई तोंडाला पदर लावून हसली, मग तिनं तोच पदर डोळ्यांना लावला. अक्षय खाली बसला, चारही वायरी सोलल्या, रंगाला रंग जोडला आणि विचारलं, "आबा, टेप आहे का?" मामाजींनी खिशातून काढून दिली. अक्षयनं ती वाकडीतिकडी, चुरगळत गुंडाळली. मामाजी बघत राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत. मशीन लावली, कॉम्प्युटर टुंग वाजला. कमळाबाईचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. वर काय सांगितलं ते अक्षयनं मला कधी सांगितलं नाही, पण आयडी शाबूत राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

दिवसभर अंगठे चालले. दारातली खुर्ची रिकामी होती. बाया आपणहून चप्पल घालून आत येत होत्या आणि "वायरमन कुठी गेले वं?" असं हळूच विचारत होत्या. ते मागच्या अंगणात गोठ्यापाशी बाजेवर बसले होते. गावात जायचं तर पुढच्या खोलीतून जावं लागतं, म्हणून गावातही गेले नाहीत. दोनदा हाक मारली, आले नाहीत. दिवेलागणीला लेकीला जेवू घातलं आणि त्यांचं ताट घेऊन मीच मागे गेले.

"जेवून घ्या, मामाजी."

"भूक नाई."

मी ताट बाजेवर ठेवलं आणि वळले.

"सूनबाई, एक ईचारू?"

मामाजी सांगत असत. विचारत नसत. मी थांबले.

"ते हिरवी अन् पांढरी. त्याच्यातून काय जाते?"

"मला कळतं तेवढं सांगते," मी म्हटलं. "कॉम्प्युटर मशीनला विचारतो, कोण आलं? मशीन अंगठा बघून त्याला सांगते. ते बोलणं त्या दोन वायरींतून जातं."

"अन् लाल-कायीतून?"

"नुसता करंट."

"म्हंजे दिवा लागते. पन बोलनं होत नाई."

"हो."

त्यांनी स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. "तुही सासू म्हनत जाय," ते म्हणाले, "घरात लाईट हाय, पंखा हाय, पन मानूस काई बोलत नाई. मले वाटे, लाईट हाय ना, मंग काय पाह्यजे अजून."

सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. मी यायच्या आधीच त्या गेल्या. मामाजींच्या तोंडून त्यांचं नाव निघालेलंही मी कधी ऐकलं नव्हतं. मी ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"तू जेवली?" मामाजींनी विचारलं.

आमच्याकडे आधी पुरुष आणि लेकरं जेवतात, मग सून, चुलीपाशी, उरलंसुरलं वाढून घेऊन. तिला कुणी विचारत नाही आणि ती कुणाला सांगत नाही. मी लग्न होऊन आल्यापासून असंच आहे, आणि माझ्या माहेरीही आईचं असंच होतं.

"नाही अजून," मी म्हटलं.

"मंग ताट आन तुहं. इथीच."

मी चुलीपाशी गेले आणि माझं ताट वाढून घेतलं. परत आले तोवर त्यांनी आपली भाकरी मोडली नव्हती. बाजेवरची वाकळ झटकून त्यांनी एका बाजूला जागा केली होती. मी बसले. मग दोघंही पिठल्याकडे बघत राहिलो.

"मंग," शेवटी ते घसा खाकरून म्हणाले, "माय कशी हाय तुही? गुडघे दुखत होते ना तिचे?"

मी सांगायला लागले. मधेच मला रडू आलं, तेव्हा ते गडबडले, आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सांग ना. आयकून राह्यलो मी."